साखर उतरली होती, म्हणजे पुढे मधुमेह होणार का?

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. मी घणसोलीला राहते, नोकरी ठाण्याला. तेहतिसाव्या आठवड्यात अचानक पाणी गेलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, १ किलो ६२० ग्रॅमची. पहिल्याच दिवशी तिची साखर ३१ पर्यंत उतरली, सलाईन लावलं. मग कावीळ, निळा लाईट. सुरुवातीला मला दूधच नव्हतं, तेव्हा मिल्क बँकेतलं दुसऱ्या आईचं दूध पाजलं. तीन आठवड्यांनी घरी सोडलं. आता ती सात आठवड्यांची आहे, वजन २ किलो ६०० ग्रॅम. डॉक्टर म्हणाले होते, "दिवस भरले नव्हते ना, मेटाबॉलिझम अजून तयार नाही." म्हणजे नेमकं काय, ते विचारायचं राहूनच गेलं. शेजारच्या पेटीत नऊशे ग्रॅमचं बाळ होतं, त्याला साखर वाढली म्हणून इन्सुलिन दिलेलं मी पाहिलं. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. माझ्या मुलीलाही होणार का? नणंदेने वाचलंय की बाळाच्या फुप्फुसांसाठी मला जी इंजेक्शनं दिली त्यांनीच साखर उतरली. सासूबाई म्हणतात वजन भरत नाही, पाणी घालून गाईचं दूध द्या, वर थोडं ग्लुकोज. मालिशवालीही ठरवली आहे. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. मी शेवटच्या दिवसापर्यंत ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभी राहून जात होते, त्यामुळे तर हे झालं नाही ना? आणि बारसं कधी करू?

– घणसोलीची एक आई

उत्तर

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधी मधुमेहाचं. जन्मल्यावर साखर उतरली म्हणून पुढे मधुमेह होत नाही. मधुमेहात साखर रक्तात साचते, कारण ती पेशींत नीट शिरत नाही. तुझ्या मुलीचं उलट होतं. रक्तात घालायला तिच्याकडे साखर शिल्लकच नव्हती. का नव्हती, ते कळलं की मेटाबॉलिझमचं कोडंही सुटेल.

तू घणसोलीची आहेस, तेव्हा गावठाणातल्या एखाद्या आगरी आजीकडून आगोटीबद्दल ऐकलं असशील. मिरगाच्या आधी तांदूळ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं घरात भरून ठेवायचं, कारण पाऊस लागला की बाहेरून काही मिळायचं नाही. पोटातलं बाळही शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत असंच भरून घेतं. यकृतात साखरेचा साठा, कातडीखाली चरबी, हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फरस, रक्तासाठी लोह. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाच्या अंगात वजनाच्या जेमतेम दोन-तीन टक्के चरबी असते, पूर्ण दिवसांच्या बाळात बारा ते पंधरा टक्के. हाडांतल्या कॅल्शियमचा बहुतेक वाटा याच तिमाहीत जमतो. लोहाचंही तसंच. तुझ्या लेकीचा पाऊस सात आठवडे आधी लागला. माल अर्धवट भरलेला होता आणि तो काढून वापरणारी यंत्रणा, म्हणजे यकृतातली एन्झाइम्स, मूत्रपिंडं, थायरॉईड, स्वादुपिंड, हीही अजून हात बसायच्या बेतात होती. 'मेटाबॉलिझम तयार नाही' म्हणजे एवढंच. तो आजार नाही.

आता साखरेचं. नाळ असेपर्यंत आईच्या रक्तातली साखर बाळाला अखंड मिळत असते. नाळ कापली की पुरवठा क्षणात बंद. पहिल्या एक-दोन तासांत साखर सगळ्याच बाळांची उतरते, अगदी साडेतीन किलोच्या गुटगुटीत बाळाचीसुद्धा. मग शरीर जागं होतं. ग्लुकागॉन, ॲड्रेनलिन ही हार्मोन्स वाढतात, यकृत साठवलेली साखर सोडतं, शिवाय नवी बनवायला लागतं. तो साठा पहिले दहा-बारा तास पुरतो. तोवर चरबी जाळून कीटोन तयार होतात आणि बाळाचा मेंदू त्यांच्यावरही चालतो. तोपर्यंत आईचं दूध उतरायला लागलेलं असतं. दिवस भरलेल्या बाळात हे सगळं एकामागून एक आपोआप जुळून येतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात या सगळ्या टप्प्यांवर अडचण असते. साठा थोडा. नवी साखर बनवणारी एन्झाइम्स अर्धवट. चरबीच नाही, तर कीटोन कुठून येणार? आणि खाणारा मेंदू मात्र शरीराच्या मानाने भला मोठा. अशा बाळाला किलोमागे दर मिनिटाला साधारण सहा मिलिग्रॅम साखर लागते, मोठ्या माणसाला किलोमागे लागते त्याच्या जवळजवळ तिप्पट. तुझ्या १ किलो ६२० ग्रॅमच्या मुलीचा हिशेब केला तर दिवसाला चौदा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढीही तिच्याकडे नव्हती. बहुतेक ठिकाणी आकडा ४५ च्या खाली गेला की उपचार सुरू करतात, काही ठिकाणी ४० धरतात. तिचा ३१ होता, म्हणून १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन लावलं. टाचेला वारंवार टोचून आकडा बघत होते, तोही त्यासाठीच.

मेंदूला धोका असतो तो साखर दीर्घकाळ किंवा पुन्हापुन्हा खूप खाली राहिली, झटके आले, तर. तुझ्या पत्रात झटक्यांचा उल्लेख नाही आणि साखर लगेच सावरलेली दिसते. तरी डिस्चार्ज कार्डावर ते सगळे आकडे लिहिलेले आहेत का बघ. नसतील तर मागून घे. विकासाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना पुढे ते लागतात.

शेजारच्या पेटीतल्या बाळाचं वेगळं. नऊशे ग्रॅमच्या बाळाचं यकृत वरून सलाईनमधून साखर येत असतानाही स्वतःची साखर सोडत राहतं, कारण 'आता थांब' हा इन्सुलिनचा निरोप त्याला नीट पोचत नाही. स्वादुपिंडही इन्सुलिन पुरेसं तयार करत नाही. त्यात जंतुसंसर्ग किंवा कसलाही ताण आला की आकडा चढतो. म्हणून काही दिवस इन्सुलिन द्यावं लागतं, बाळ मोठं होतं तसं ते सुटतं. त्याला मधुमेह झाला असं तू मनात धरलंस, साहजिकच आहे, पण ते तसं नव्हतं. जन्मापासूनचा खरा मधुमेह अतिशय दुर्मिळ आणि त्याची कारणं जनुकांत असतात.

नणंदेने वाचलं त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०१६ साली अमेरिकेत ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळंतपणांवर एक मोठा अभ्यास झाला. तिथे ही स्टिरॉईडची इंजेक्शनं घेतलेल्या आयांच्या शंभरातल्या २४ बाळांची साखर उतरली, न घेतलेल्यांच्या १५ बाळांची. पण त्याच इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसं उघडतात, आणि तेहतिसाव्या आठवड्यात तर त्यांचा फायदा निर्विवाद आहे. साखर सलाईनने सुधारता येते. न उघडणारं फुप्फुस सांभाळणं किती अवघड असतं ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. तुला ती इंजेक्शनं देणाऱ्यांनी अगदी योग्य केलं. नणंदेला सांग, पुढचं पानही वाच म्हणावं.

उबेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे हे फार कमी घरांत कळतं. ठाणे-नवी मुंबईत थंडी कुठे, असं सगळे म्हणतात. पण दोन-अडीच किलोच्या बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर पातळ, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता भसाभस निघून जाते. मोठी माणसं कुडकुडून ऊब तयार करतात, बाळाला कुडकुडता येत नाही. ते मानेभोवती, खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात तीही कमीच. मग गार पडलेलं बाळ ऊब राखायला साखर आणि ऑक्सिजन खर्च करतं, वाढीसाठी आलेलं दूध तापमानावर जातं आणि काट्यावर वजन हलत नाही. सासूबाईंना वाटतं दूध अंगी लागत नाही. खरं तर आंघोळ घालून ओल्या अंगाने पंख्याखाली ठेवलं की पाजलेल्यातलं बरंच तिथेच जातं.

उपाय साधा आहे आणि फुकटचा. तळपाय आणि पोट हाताच्या मागच्या बाजूने बघायचं. दोन्ही कोमट आणि गुलाबी, ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर बाळ थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घे. दोन्ही गार असतील तर छातीशी धरून तडक डॉक्टरकडे. खोली २६ ते २८ अंशांच्या आसपास असू दे. एसी लावू नये असं नाही, झोत अंगावर नको इतकंच. डोक्याला टोपी, पायांत मोजे. मे महिन्याच्या उकाड्यात मात्र दुपट्यावर दुपटं गुंडाळू नकोस, त्यानेही ताप चढतो आणि अंगातलं पाणी कमी होतं.

छातीशी, म्हणजे कातडीला कातडी लावून. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी पेट्या कमी पडतात म्हणून ही कांगारू पद्धत सुरू केली. २०२१ साली भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं तर पहिल्या महिन्यातले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. घरीही हे चालू ठेव. बाळ स्वतः वळवळून बाहेर यायला लागलं की समजायचं, आता तिला नको आहे. आणि नवऱ्यालाही शर्ट काढून बसव की! रात्रीची एक पाळी त्याने घेतली तर तुझी झोप होईल आणि तुझी झोप झाली तर दूधही येईल.

आता दुधाचं, आणि इथे मी सासूबाईंच्या बाजूने अजिबात नाही. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आईच्या दुधात साधारण एक ग्रॅम. गाईच्या दुधातलं बहुतेक प्रथिन केसीन, पचायला जड. सोडियम आणि फॉस्फरसही जास्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडं हा भार आणि आम्ल बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तात आम्लता वाढते आणि वजन वाढायचं थांबतं. जास्तीच्या फॉस्फरसने कॅल्शियम उतरून झटकेही येऊ शकतात. पाणी घालून पातळ केलं तर उष्मांकही गेले, म्हणजे पोट भरलेलं आणि बाळ उपाशी. वर्षभर गाईचं दूध पाजायचं नाही. ग्लुकोजचं पाणीही नाही. त्यात नुसती साखर असते आणि ते प्यायल्यावर बाळ आईचं दूध कमी ओढतं. मध तर चाटवूच नये, त्यातल्या जिवाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी राहू दे.

तुझ्या दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे ६७ उष्मांक असतात. अशा बाळाला किलोमागे रोज ११० ते १३० उष्मांक लागतात. म्हणजे दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीही एकदा उठवून. ओढून दमत असेल तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने दे, बाटलीने नको. वॉर्डात दूध घट्ट करणारी पावडर मिसळली असेल, ती सहसा ठरावीक वजन झालं की बंद करतात. घरी आपल्या मनाने डब्यातली दुधाची पावडर आईच्या दुधात मिसळू नकोस. प्रमाण चुकलं की आतडी बिघडतात.

मिल्क बँकेचं दूध दिलं म्हणून घरात कुणी नाक मुरडत असेल तर त्यांना सांग, आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्याच शेजारी, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. देणाऱ्या आईचं रक्त तपासतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात. तुझं दूध उतरेपर्यंत तुझ्या लेकीला मिळू शकणारं ते सगळ्यात चांगलं अन्न होतं.

वजनाबद्दल थोडं गणित. सुरुवातीला असं बाळ थोडं घटतं, साधारण दोन आठवड्यांनी जन्माच्या वजनावर परत येतं. तिथून धरलं तर पाच आठवड्यांत तुझ्या मुलीने जवळजवळ एक किलो कमावला, दिवसाला २८ ग्रॅम. हे उत्तम आहे! शिवाय तेहतीस अधिक सात किती? चाळीस. म्हणजे ती आत्ता कुठे जन्माला यायच्या दिवसांची झाली. तिची तुलना इमारतीतल्या सात आठवड्यांच्या बाळाशी करायचीच नाही. तिला नवजात बाळांच्या रांगेत उभं कर. त्या रांगेत ती जरा मागे आहे, पण पुढे सरकते आहे. वजन मोजताना डोक्याचा घेर आणि लांबीही मोजून घे आणि तिन्ही आकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या तक्त्यावर मांडायला सांग. दोन वर्षांची होईपर्यंत चालणं-बोलणंही दुरुस्त वयाने, म्हणजे चाळीस आठवडे भरले त्या दिवसापासून मोजलेल्या वयाने बघायचं. लस मात्र जन्मतारखेनेच. सहा आठवड्यांची लस झाली का? नसेल तर याच आठवड्यात.

आता तुझा मूळ प्रश्न, थोडा फिरवून. साखर उतरल्यामुळे मधुमेह होणार नाही, हे सांगितलं. पण दिवस न भरता जन्मल्याचा पुढे काही परिणाम होतो का? काही प्रमाणात होतो, ते लपवत नाही. न्यूझीलंडमधल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या ४ ते १० वर्षांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला थोडा कमी प्रतिसाद देतं असं दिसलं. मोठेपणी सरासरी रक्तदाबही किंचित जास्त आढळतो. सरासरी म्हणजे प्रत्येकाला नाही. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. ती बाळं दिवस भरलेली होती, पण त्यांनी दाखवलेली गोष्ट तुझ्या घराला लागू पडते. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी असतात, हाडाने-स्नायूने बारीक, पण चरबी त्या मानाने टिकून असते. अशा बाळावर बालपणी भराभर वजन चढलं की ते चरबीच्या रूपाने चढतं, आणि धोका तिथे असतो.

म्हणून माझा सगळा जोर यावर आहे: गुटगुटीत करायच्या मागे लागू नका. पहिल्या काही महिन्यांत तिला नीट वाढायचंच आहे, मेंदूसाठी ते हवंच. पण ती वाढ आईच्या दुधाची असू दे, साखर आणि डब्याची नको. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं कधी आणि कसं सुरू करायचं ते दुरुस्त वय बघून डॉक्टर सांगतील. तेव्हा बिस्किटं दुधात कालवून देण्याऐवजी भात-वरण, नाचणी, अंडं, मासे. तीन वर्षांनंतर तपासणीत रक्तदाबही मोजायला सांग. सासऱ्यांच्या मधुमेहाचा वारसा तुझ्या नवऱ्यालाही आहे. तो स्वतःचं पोट मोजतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाकीचे मुद्दे भरभर. कावीळ झाली कारण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, विरघळवणारं यकृतातलं एन्झाइम मंद होतं आणि अशा बाळांच्या लाल पेशी लवकर फुटतात. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर जातं. खिडकीतल्या कोवळ्या उन्हाला ते जमत नाही. आता सातव्या आठवड्यात डोळे पिवळे दिसत असतील किंवा शी पांढरट, मातकट होत असेल तर एक दिवसही थांबू नकोस, पित्तनलिकेचा आजार तर नाही ना हे बघावं लागतं. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम-फॉस्फरस आणि लोहाची औषधं चालू ठेव. लोहाने शी काळपट होते, घाबरू नकोस. डोस वजनावर असतो, म्हणून दर भेटीत 'आता किती थेंब?' असं विचारायचं. बाटली तीच राहते, बाळ वाढतं आणि डोस जुनाच चालू राहतो, हे मी किती घरांत पाहिलंय!

थायरॉईड विसरू नकोस. अपुऱ्या दिवसांच्या बाळात पहिली तपासणी कधीकधी ठीक येते आणि दोष नंतर उघडा पडतो, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा करतात. झाली का ते कार्डावर बघ. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीसुद्धा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ती चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. याचा मेटाबॉलिझमशी थेट संबंध नसेल, पण तुझ्या पत्रात डोळ्यांचं अक्षरही नाही म्हणून मला चैन पडेना. झाली नसेल तर उद्याच जा. कानांचीही करून घे.

मालिशवालीला तूर्त सुट्टी. हाडांत खनिजं कमी आहेत. हातपाय ताणणं, पाय धरून उलटं करणं, छाती दाबणं यात बरगडीला इजा होऊ शकते. तूच हलक्या हाताने खोबरेल लाव, बस्स. टाळूवर तेल थापायचं नाही आणि धुरी तर मुळीच नको, त्या फुप्फुसांनी आत्ताशी श्वास घ्यायला शिकलंय.

शेजारच्या काकूंचं ऐकून मला हसूच आलं. आठव्या महिन्यातलं जगत नाही ही समजूत फार जुनी आहे, प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकग्रंथांतही सापडते. पण जुनी म्हणून खरी होत नाही. पोटातला एकेक आठवडा वाढतो तशी बाळाची शक्यता वाढतच जाते. आठव्यात ती अचानक कमी व्हावी असं काहीही घडत नाही. तेहतीस आठवड्यांची बाळं चांगल्या नवजात कक्षात बहुतांशी जगतात आणि चांगली वाढतात. काकूंना घरी बोलावून तिला दाखव.

आणि लोकल. अगं, पाणी लवकर जायला जंतुसंसर्ग, गर्भपिशवीचं तोंड आखूड असणं, जुळी, जास्तीचं गर्भजल, आधीचं लवकर झालेलं बाळंतपण अशी कारणं असतात. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. तू कामावर गेलीस म्हणून ते गेलं असं कुणीही शास्त्राने दाखवू शकणार नाही. जगात २०२० साली अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, त्यातली तीसेक लाख भारतात. त्यांच्या आया काही सगळ्या रबाळे-ऐरोलीच्या डब्यात उभ्या नव्हत्या. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत हे बाळंतपण डॉक्टरांना सांग, तेवढं तुझ्या हातात आहे.

हे मात्र फ्रिजवर लावून ठेव. दुधासाठी उठत नाही, अंग सैल पडलंय, रडणं क्षीण झालंय, हातपाय थरथरतायत, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास मिनिटाला ६० च्या वर किंवा छाती आत ओढली जातेय, ओठ निळे, हिरवी उलटी, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले. यातलं काहीही दिसलं तर बाळ ओढत असेल तर पाजत, छातीशी धरून निघायचं. रात्र असेल, गाडी नसेल, तर १०८.

बारसं? लस झाली, डोळ्यांचं आणि थायरॉईडचं कळलं की खुशाल कर. पण सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं बोलावू नकोस. घरची दहा-बारा जणं पुरे. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने फोनवरूनच नाव ऐकायचं. आलेल्यांनी आधी हात साबणाने धुवायचे, गालाचा मुका कुणीही घ्यायचा नाही, आणि ते सांगायचं काम तू नाही, सासूबाईंनी करायचं. त्यांचं सगळे ऐकतात.